प्रदर्शन वेशीपासूनच सुरू होतं

प्रदर्शन म्हटलं की आपल्या नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे कस्तुरचंद पार्कवर आजवर भरलेली प्रदर्शनं येतात. लोणची-पापडांचे स्टॉल, भाजी चिरायची नवी नवी यंत्रं, लाकडी खेळणी, आणि शेवटी पोरांच्या हातात पॉपकॉर्न. त्यात वाईट काही नाही. पण प्रदर्शन या प्रकाराला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या मुलखाचा वाटा बराच जुना आहे. घरांची, अंतर्गत सजावटीची आणि वास्तुकलेची प्रदर्शनं आता वरचेवर भरतात, त्यांच्यासोबत स्पर्धा असतात, पारितोषिकं असतात. ती पाहताना मला हा इतिहास आठवतो. आज त्यातलं एक पान जरा निवांत उलगडून पाहू.

नागपुरात पहिलं मोठं प्रदर्शन भरलं ते १८६५ च्या डिसेंबरात. मध्य प्रांत स्थापन होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. सर रिचर्ड टेंपल हे चीफ कमिशनर होते. आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा. रेल्वे मात्र अजून नागपूरला पोचायची होती, ती आली १८६७ मध्ये. म्हणजे या प्रदर्शनाचा माल बव्हंशी बैलगाड्यांनीच आला असणार. प्रदर्शनाच्या नावातच कला, कारागिरी आणि उत्पन्न असे तीन शब्द होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याच वर्षी संपलं होतं. त्या चार-पाच वर्षांत मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे लागलं होतं, तेव्हा सरकारला या मुलखात काय पिकतं आणि काय बनतं हे एका जागी मांडून पाहायचं होतं यात नवल नाही. लंडनला १८५१ साली काचेच्या भव्य महालात जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याची ही दूरची, धाकटी नात म्हणा.

दुसऱ्या वर्षी जबलपूरला असंच प्रदर्शन झालं. जबलपूर तेव्हा आपल्याच प्रांतात होतं आणि कारभार नागपुरातून चालायचा. या प्रदर्शनात एक वेगळी गोष्ट घडली. प्रांतातल्या डोंगर-जंगलांत राहणाऱ्या आदिवासींना तिथे आणलं गेलं आणि एका समितीनं त्यांची पाहणी केली. त्या समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. अहवालाच्या लांबलचक शीर्षकात या माणसांसाठी जो इंग्रजी शब्द वापरला आहे, त्याचा सरळ मराठी अर्थ होतो ‘नमुने’. कापसाचा नमुना, कोळशाचा नमुना, तसा माणसाचा नमुना. समितीतली माणसं दुष्ट होती असं मला म्हणायचं नाही. त्यांनी भाषांचे शब्दसंग्रह जमवले, ते आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. पण प्रदर्शनात एक दोर बांधलेला असतो. दोराच्या अलीकडे कोण उभं आहे आणि पलीकडे कोण, यावरून त्या प्रदर्शनाची जात ठरते.

हा दोर कधी उलटला का? मला वाटतं, उलटला. सत्तर वर्षांनी, खानदेशातल्या एका गावात. त्या गोष्टीचा धागा आपल्या शेजारच्या वर्ध्यातून निघतो, म्हणून आधी वर्ध्याकडे वळू.

काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरवण्याची प्रथा १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनापासून पडली. अधिवेशनं मात्र शहरांतच होत. १९२० चं नागपूर अधिवेशन आपल्याला माहीत आहे. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते, साडेचौदा हजारांच्या आसपास प्रतिनिधी आले होते, आणि काँग्रेसनगर हे वस्तीचं नाव त्याचीच आठवण. पण पाहुणा शहरातच उतरायचा. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग त्याला दिली, तीच मगनवाडी. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे येऊन बसले. हातकागद, तेलघाणी, गूळ, मधमाश्या असल्या गोष्टींवर तिथे हिशेबानं आणि प्रयोगानं काम सुरू झालं. १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. (त्याचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये.) तिथली पहिली झोपडी म्हणजे आदि निवास. तिच्यावर पाचशे रुपयांहून जास्त खर्च करायचा नाही आणि सामान परिसरातलंच वापरायचं, अशी त्यांची अट होती. आज वास्तुकलेच्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात ‘स्थानिक साहित्य’ आणि ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द हटकून असतात. त्या झोपडीच्या वेळी ते शब्द कुणी वापरले नव्हते, नुसती अट घातली होती.

याच सुमारास गांधीजींनी आग्रह धरला की काँग्रेसचं पुढचं अधिवेशन खेड्यात घ्यायचं. जागा ठरली फैजपूर. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर सावदा स्टेशन लागतं, त्याच्या जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. पूर्व खानदेश म्हणत तेव्हा त्या जिल्ह्याला. स्वागताध्यक्ष शंकरराव देव, गावोगाव फिरणाऱ्यांत साने गुरुजी, आणि स्थानिक धुरा धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांकडे. काँग्रेसचं ते पन्नासावं अधिवेशन होतं आणि खेड्यात होणारं पहिलं.

आता खेड्यात अधिवेशन म्हणजे काय, याचा विचार करा. सभागृह नाही, हॉटेल नाही, धर्मशाळा असून असून किती असणार? हजारो प्रतिनिधींची राहण्याची सोय, लाखभर माणसं बसतील असा मंडप, स्वयंपाकघरं, संडास, पाणी, रस्ते, आणि वर खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. म्हणजे एक अख्खं नगर उभं करायचं, तेही चार-पाच दिवसांसाठी. या नगराला नाव दिलं टिळकनगर.

त्याची आखणी सोपवली गेली दोघांवर. वास्तुकार म्हात्रे आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख, चित्रकार नंदलाल बोस. नंदबाबू त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. त्याच वर्षी मार्चमध्ये लखनौ अधिवेशनाच्या प्रदर्शनात त्यांनी भारतीय कलेचा विभाग मांडला होता, तो गांधीजींच्या मनात भरला होता. पण लखनौची गोष्ट वेगळी. तिथे चित्रं लावायची होती, इथे गाव बांधायचं होतं. नंदबाबू बिचकले. मी चित्रकार आहे, वास्तुकार नव्हे, असं त्यांनी कळवलं. त्यावर गांधीजींनी दिलेल्या उत्तराची आठवण सांगितली जाते. मला पियानोवरचा उस्ताद नको आहे, मनापासून सारंगी वाजवणारा चालेल, अशा अर्थाचं ते उत्तर होतं. नंदबाबू निघाले, वर्ध्याला गांधीजींशी बोलले, आणि पुढे काही आठवडे फैजपुरातच मुक्काम ठोकून राहिले.

या मुक्कामाला मी फार महत्त्व देतो. कागदावर नकाशा काढून पाठवणं त्यांना शक्य होतं. पण अट अशी होती की सामान स्थानिक आणि हातही स्थानिक. मग तिथे काय मिळतं हे आधी पाहायला हवं. बांबू आहे, गवत आहे, तट्ट्या आहेत, सुंभ आहे, माती आहे, खादी आहे. आणि ते हाताळणारी माणसं आहेत. बांबूचं गणित शहरात शिकलेल्या माणसाला सहज उमगत नाही. बांबूत खिळा मारला की तो उभा फाटतो, म्हणून सांधा दोरीनं आवळावा लागतो. पेराजवळ तो भक्कम असतो, दोन पेरांच्या मध्ये नाजूक. अख्खा वापरला तर खांब, चिरला तर कामट्या, कामट्या विणल्या की भिंत. आपल्याकडचा बुरूड हे सगळं न बोलता जाणतो. त्याला कुणी डिझायनर म्हणत नाही एवढंच. डिसेंबरात पावसाची धास्ती नाही, उन्हाचा ताप नाही, तेव्हा गवताचं छप्पर आणि तट्ट्यांची भिंत पुरेशी होती. त्या मोसमाला आणि त्या मुदतीला बेताचं बांधकाम, हीच त्यातली खरी हुशारी.

वेशीवर मोठं प्रवेशद्वार उभं राहिलं, बांबूचंच. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांच्या मिरवणुकीसाठी मोटार नव्हती. खेड्यातल्या गाडीचाच नंदबाबूंनी सजवून रथ केला आणि त्याला सहा बैलजोड्या जुंपल्या. मुंबईत, जिथे १८८५ मध्ये पहिलं अधिवेशन झालं, तिथून धावपटूंनी टप्प्याटप्प्यानं ज्योत फैजपूरला आणली. जमलेली माणसं लाखाच्या घरात होती असं त्या वेळची वर्णनं सांगतात. बहुतेक शेतकरी, बायकापोरांसह आलेले. अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम मांडला गेला, नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय तिथे आले होते. राजकारणाचा तो भाग इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, म्हणून इथे लांबवत नाही.

२५ डिसेंबर १९३६ ला, म्हणजे अधिवेशनाच्या दोन दिवस आधी, गांधीजींनी प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. त्या वेळचं त्यांचं भाषण मला वास्तुकलेवरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं. ते म्हणाले त्याचा आशय असा, की या मांडणीचं श्रेय म्हात्रे आणि नंदलाल बोस यांचं आहे. मला कलेची जाण देवानं दिली, पण तिला आकार देणारे हात दिले नाहीत, नंदबाबूंना दोन्ही दिलं. हे सारं टिळकनगरच प्रदर्शन आहे. मी आता ज्या जागेचं उद्घाटन करतो आहे तिथे ते सुरू होत नाही, ते वेशीवरच्या दरवाजापासूनच सुरू झालेलं आहे. आणि लक्षात ठेवा, इथलं सगळं बांधकाम इथल्याच सामानातून आणि इथल्याच मजुरांच्या हातून झालं आहे.

जबलपूरचा तो दोर आठवा. तिथे खेड्यातला, जंगलातला माणूस पाहण्याची वस्तू होता. फैजपुरात त्याच्याच हातांनी केलेलं काम पाहायला देशभरातले पुढारी आले होते. पाहणाराही बराचसा तोच होता. आदल्या महिन्यात ज्यानं तट्टी विणली, तोच आता बायकोला घेऊन ‘ही बघ, ही माझी’ असं दाखवत फिरला असेल, अशी कल्पना मी करतो. तशी नोंद कुणी केलेली नाही, असल्या गोष्टींची नोंद होतही नाही.

आता जरा दूर, पॅरिसला जाऊ. कारण फैजपूरनंतर पाचच महिन्यांनी, १९३७ च्या मे महिन्यात, तिथे जागतिक प्रदर्शन उघडलं. तेही तात्पुरतंच नगर, काही महिन्यांचं. आयफेल टॉवरच्या परिसरात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांची दालनं समोरासमोर उभी होती. जर्मनीचं दालन हिटलरचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअर यानं आखलेलं, दीडशे फुटांहून उंच मनोरा आणि त्यावर गरुड. समोर बोरिस योफानच्या दालनावर हातोडा आणि कोयता उंचावलेल्या कामगार-शेतकरीण जोडीचा प्रचंड धातूचा पुतळा, शिल्पकार व्हेरा मुखिना हिचा. एकमेकांवर वरचढ होण्यासाठी उभारलेल्या या दोन्ही इमारतींना परीक्षकांनी सुवर्णपदकं दिली! जवळच स्पेनच्या साध्याशा दालनात पिकासोचं ‘गेर्निका’ टांगलेलं होतं. पुरस्कारांच्या याद्या वाचताना मला ही दोन सुवर्णपदकं नेहमी आठवतात. परीक्षकांना उंची चटकन दिसते. फैजपूरला परीक्षकही नव्हते आणि पदकंही नव्हती.

अधिवेशन संपलं, टिळकनगर उकललं गेलं. बांबू सोडवता येतो, पुन्हा दुसरीकडे बांधता येतो. मातीला माती मिळाली. इमारतीच्या दृष्टीनं याहून चांगला शेवट नाही, पण इतिहासाच्या दृष्टीनं तो घात ठरला. कारण पुढच्या, म्हणजे १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदबाबूंनी चित्रफलक काढले. हातकागदावर, मातीच्या रंगांत, कुंभार, लोहार, सुतार, ढोलकीवाला, धान्य कांडणारी बाई. चारशेच्या आसपास फलक तयार झाले. त्यांतले ऐंशीहून अधिक त्यांनी स्वतः काढलेले, बाकीचे शिष्यांनी त्यांच्यावरून केलेले. हे फलक टिकले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ते आहेत, आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कला-प्रदर्शनात, भारताच्या दालनात, त्यांतले काही मांडलेही गेले. ‘हरिपुरा पोस्टर’ हा शब्द आज कलेच्या विद्यार्थ्याला परीक्षेत येतो. फैजपूर येत नाही. भिंतीवर टांगता येतं ते इतिहासात राहतं, ज्याच्या खालून आपण चालत गेलो ते राहत नाही. म्हात्र्यांचं नाव तर नंदबाबूंच्या चरित्रांतही ओझरतं येतं. नंदबाबूंना पुढे देशानं मोठं काम दिलं. हस्तलिखित संविधानाच्या पानांची सजावट त्यांच्या देखरेखीखाली कलाभवनात झाली. दीक्षाभूमीच्या या शहरात संविधानाची प्रत घराघरांत आहे, पण त्या मूळ प्रतीच्या चौकटी आखणारा माणूस खानदेशात बांबूचं गाव बांधून गेला होता, हे किती जणांना माहीत आहे?

मग फैजपूरचं काहीच उरलं नाही का? थोडं उरलं, आणि ते आपल्यापासून ७५-८० किलोमीटरवर आहे. ३० डिसेंबर १९३८ ला वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्याच हस्ते झालं. मगनलाल गांधींच्या नावाचं हे संग्रहालय म्हणजे कायमचं झालेलं ग्रामोद्योग प्रदर्शन. मी तिथे अनेकदा गेलो आहे. चरख्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बदलत गेलेली रूपं तिथे एका रांगेत दिसतात. ती पाहिली की डिझाइन म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. दर वेळी कुणी तरी एक अडचण सोडवलेली असते. चाक लहान केलं, पेटीत बसवलं, प्रवासात नेता येईल असं केलं. शाळेच्या सहलीची पोरं तिथून भराभर पुढे पळतात. शिक्षकांनी त्या एका रांगेपाशी त्यांना दहा मिनिटं थांबवावं, असं मला फार वाटतं.

आणि दुसरी गोष्ट खुद्द खानदेशात. फैजपूर यावल तालुक्यात. शेजारच्या चोपडा तालुक्यात लासूर नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकात तिथे कुष्ठरोग्यांसाठी एक छोटं रुग्णालय बांधलं गेलं. आखणी केली यान ओलाव येन्सन आणि पेर क्रिस्तियान ब्रिनिल्डसेन या नॉर्वेच्या दोन अगदी तरुण वास्तुकारांनी. जवळपासच्या दगडाच्या जाड भिंती, वर कमानदार छत, छतावर चिनी मातीच्या फरशांचे टाकाऊ पांढरे तुकडे, म्हणजे ऊन परतून जातं आणि पाणी मुरत नाही. सगळ्या खोल्या एका बंदिस्त बागेभोवती, कारण ज्यांना गावानं बाहेर काढलं त्यांना निदान आत तरी सावली आणि झाड असावं. या इमारतीला १९९८ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, जगातल्या सर्वांत मोठ्या वास्तुपुरस्कारांपैकी एक. त्याच वर्षी त्याच पुरस्काराच्या यादीत चार्ल्स कोरियांचं भोपाळचं विधान भवन होतं. एकीकडे राज्याचं विधिमंडळ, दुसरीकडे लासूरचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय, आणि परीक्षकांनी दोन्ही एकाच यादीत बसवली. या वेळी त्यांना उंचीपलीकडचंही दिसलं म्हणायचं.